हस्तिदंताचा डच माणूस पुण्याला का आला नाही

थोडक्यात केस सांगतो. तोक्योत निशी-कासाई म्हणून भाग आहे, आपली भारतीय मंडळी तिथे भरपूर, तिथला एक मित्र, आयटीवाला, मूळचा पुण्याचा, कायमचा परत निघालेला. त्याच्या बिल्डिंगची मालकीण म्हणजे ऐंशीच्या पुढची जपानी आजी. तिचे यजमान गेले, मुलगा दुसऱ्या शहरात आणि त्याला या कशात इंटरेस्ट नाही, आजी मोठं घर आवरून लहान जागेत चाललेली, आणि त्या आवराआवरीत किरी लाकडाचा एक डबा निघाला ज्यात कापसात गुंडाळलेली पाच नेत्सुके, म्हणजे छोट्या जुन्या जपानी कोरीव वस्तू, होती. मित्राला बारीक कोरीवकामाची आवड आहे हे तिला माहीत होतं म्हणून तिने आधी त्यालाच विचारलं. पाचही मिळून ३ लाख येन, म्हणजे आपले पावणेदोन लाखाच्या आसपास, पण डबा फोडायचा नाही, घ्यायचा तर सगळा. मित्राच्या बाबांची पंचाहत्तरी तोंडावर आलेली, काकांना जुन्या वस्तूंचं वेड, त्यामुळे याचा जीव लगेच त्या डब्यात अडकला. मी या नादात बरीच वर्षं आहे म्हणून मला फोन, "दादा, एकदा येऊन बघ ना, घेऊ का नको एवढंच सांग."

एवढंच सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

ज्यांना नेत्सुके माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. किमोनोला खिसा नसतो, बाहीत काय मावेल तेवढंच. मग तंबाखूची पिशवी, पैशाचा बटवा किंवा इनरो म्हणजे औषधाची एकावर एक कप्पे असलेली चपटी डबी, हे सगळं दोरीने कमरेच्या ओबी पट्ट्याखालून लटकवायचं आणि दोरी सुटून खाली पडू नये म्हणून वरच्या टोकाला एक जाडसर गाठीसारखी वस्तू अडकवायची, ती म्हणजे नेत्सुके. आपल्याकडे बायका कमरेला किल्ल्यांचा छल्ला खोचायच्या त्याच कुळातलं, फक्त इथे त्या खोचायच्या वस्तूवर माणसांनी आयुष्यं घालवली. एदो काळात, १६०३ ते १८६८, शहरातल्या व्यापाऱ्यांकडे पैसा होता पण उंची कपडे आणि दागिने मिरवण्यावर सरकारी बंधनं होती, मग हौस कुठे करायची तर अशा अंगठ्याएवढ्या वस्तूंवर. साधारण तीन ते पाच सेंटिमीटरचा जीव, त्यात उंदीर, बैल, भुतं, ऋषी, पैलवान, काय वाट्टेल ते.

त्यानंतरच्या मेइजी काळात सूट-पँट आली, खिसे आले, पाइपच्या जागी सिगरेट आली आणि नेत्सुकेचं काम संपलं. नेमकं त्याच वेळी पॅरिस-लंडनला जपानी वस्तूंचं खूळ भरलं आणि हे सगळं पेट्या भरभरून बाहेर गेलं. म्हणून आज मोठे संग्रह जपानबाहेर, ब्रिटिश म्युझियममध्ये दोन हजारांच्या वर, लॉस एंजेलिस काउंटी म्युझियममध्ये रेमंड आणि फ्रान्सिस बुशेल यांनी दिलेले सहाशेच्या वर. बॅरन गो सेइनोसुके हा उद्योगपती हे सगळं देशाबाहेर चाललेलं बघून स्वतः जमवायला लागला, त्याचा संग्रह आता तोक्यो नॅशनल म्युझियममध्ये आहे, तिथेच प्रिन्स ताकामादो यांनी जमवलेली आधुनिक नेत्सुकेही ठेवलीत. तोक्योत असाल तर बाजारात पैसे घालवायच्या आधी ती खोली बघा, तिकिटाचे पैसे शंभरपट वसूल होतात.

आता डबा. सोबत दहा पटीचं भिंग, छोटा यूव्ही टॉर्च आणि ग्रॅमचा वजनकाटा. गरम सुई घेऊन जाणारे लोक असतात, हस्तिदंत आहे की प्लॅस्टिक ते टोचून बघतात, अशांना डब्याला हात लावू देऊ नये. दुसऱ्याच्या वस्तूला डाग देऊन तुम्ही काय शोधून काढणार, जे भिंगाने फुकटात दिसतं.

आणि सही मी शेवटी बघतो. मित्राने मात्र तेच आधी केलेलं, फोटोवरून सह्या वाचून घेतल्या, एकावर तोमोतादा निघालं आणि गुगलवर तोमोतादाच्या लिलावाचे आकडे बघून त्याची झोप उडालेली. तोमोतादा हा क्योतोचा अठराव्या शतकातला कारागीर, बसलेल्या बैलांसाठी प्रसिद्ध. १७८१ साली ओसाकात सोकेन किशो नावाचं पुस्तक छापलं गेलं, इनाबा त्सुर्यूचं, त्यात पन्नासच्या वर नेत्सुके कोरणाऱ्यांची नोंद आहे, आणि या तोमोतादाच्या नकला फार होतात हे त्यात तेव्हाच लिहून ठेवलंय. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वीच ही परिस्थिती. त्यानंतर किती झाल्या असतील विचार करा. सही कोरायला पाच मिनिटं लागतात, बाकीचं खोटं करायला जास्त मेहनत आहे, म्हणून आधी बाकीचं बघायचं.

बाकीचं म्हणजे मुख्यतः भोकं. दोरी ओवायची दोन भोकं असतात, हिमोतोशी म्हणतात. वापरासाठी केलेल्या चांगल्या नगात बऱ्याचदा एक भोक मोठं आणि एक लहान असतं, कारण दोरीची गाठ मोठ्या भोकात आत लपवायची असते. आणि वर्षानुवर्षं दोरी फिरली की भोकाच्या कडा मऊ, गोलसर होतात. नुसतं विकायला केलेल्या मालात दोन्ही भोकं सारखी, बारीक, ड्रिलने पाडल्यासारखी आणि कडा धारदार. काही वेळा तर आधीचं शोभेचं ओकिमोनो असतं, म्हणजे नुसतं टेबलावर ठेवायचं, त्याला नंतर भोकं पाडून नेत्सुके म्हणून खपवतात, मग भोकं अशा जागी येतात की कमरेला लावलं तर आकृती उलटी लटकेल.

तो बैल हातात घेतला. खरा हस्तिदंत होता, यात शंका नाही, पोटाखालच्या सपाट भागावर भिंगातून एकमेकांना छेदणाऱ्या बारीक कमानीसारख्या रेषा स्पष्ट, श्रेगर रेषा म्हणतात त्यांना, हाडात त्या नसतात, हाडात बारीक काळे ठिपके किंवा रेघोट्या दिसतात. पण भोकं दोन्ही सारखी आणि कडा करकरीत. रंग सगळीकडे एकसारखा चहाचा, खाचेतही तोच आणि उंचवट्यावरही तोच. खऱ्या वापराने असं होत नाही, उंचवटे घासून फिकट पडतात आणि खाचा गडद राहतात, त्यातही अंगाकडची बाजू आणि बाहेरची बाजू वेगळी दिसते. पाठीवरचे केस मोजून मारल्यासारखे. वेसणीची दोरी नाकातून येऊन पाठीवर जाते ती मध्येच चामड्यात रुतल्यासारखी, कारागिराला दोरी कुठून कुठे जाते ते कळलं नव्हतं, नुसतं फोटो किंवा दुसऱ्या नकलेवरून केलेलं. सही चौकोनात, जशी असायला हवी तशी, एकदम व्यवस्थित, कदाचित अख्ख्या नगातलं सगळ्यात काळजीपूर्वक केलेलं काम तेच.

यजमानांची एक वही होती, आजीने ती आणून दिली. त्यात शोवा ५३, म्हणजे १९७८, क्योतो, आणि किंमत. दुकानाचं नावही होतं, ते सोडा. त्या काळच्या हिशेबाने एखाद्या चांगल्या जेवणाच्या चारपाच पट एवढी ती किंमत, खऱ्या तोमोतादाची नक्कीच नाही. म्हणजे आजोबांना काय घेतोय ते नीट माहीत होतं. घरच्यांना नंतर सही तेवढी लक्षात राहिली.

दुसरा नग दाइकोकु, पोतं आणि हातोडीवाला धनाचा जपानी देव, पांढरा, यात वेळ घालवत नाही. रेझिन. साच्याची जोडरेघ पायाखालून दिसते, पोत्याच्या घडीत बुडबुडा, गालाला लावला तर थंड नाही, यूव्हीखाली हस्तिदंत निळसर पांढरा चमकतो तो बाजूच्या बैलाने चमकून दाखवला आणि हा पठ्ठ्या मख्ख. वहीत नोंद नाही. आजी म्हणाली सहलीत कोणीतरी दिला होता.

तिसरा गोल, बशीसारखा फुगीर, जाळीदार. मांजू म्हणजे पुरण भरलेल्या जपानी गोड पदार्थाच्या आकाराचे जे गोल नेत्सुके असतात त्यातला हा पोकळ जाळीचा र्यूसा प्रकार, हरणाच्या शिंगाचा. शिंगाच्या आतला गाभा स्पंजासारखा असतो, तो कोरीवकामात अडचण, पण इथे कारागिराने तो खडबडीत भाग तसाच ठेवून त्याचेच ढग केलेत आणि त्यात वटवाघूळ. तोक्योच्या असाकुसा भागात एकोणिसाव्या शतकात शिंगात असं काम चालायचं, कोकुसाइ हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव. याच्यावर सही नव्हती आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं. वापरलेला होता, मधल्या भोकाची कड झिजून चमकत होती.

चौथा बेडूक. जुन्या गवती वहाणेवर बसलेला खडबडीत कातडीचा बेडूक, त्सुगे म्हणजे बॉक्सवुडचा, पाठीवर मस्से, डोळे काळे बसवलेले. हा आजोबांनी शोवा ४७, १९७२ ला इसेला घेतलेला, वहीत तसं लिहिलंय. इसे हे जपान्यांचं मोठं तीर्थ, त्याच्या लगतचं यामादा गाव आणि तिथे मासानाओ या नावाने काम करणाऱ्या कारागिरांचं घराणं, यात्रेकरूंना विकायला बेडूक, उंदीर, कासव असं लाकडात करायचे. सही मासानाओच. आता क्योतोचा मासानाओ वेगळा, तो अठराव्या शतकातला फार वरचा माणूस, त्याच्या एका नगात फ्लॅट येईल, आणि यामादाचे मासानाओ वेगळे, पिढ्यान् पिढ्या तेच नाव लावलेलं, त्यामुळे सहीवरून कुठल्या पिढीचा ते सांगणं अवघड. मित्राने अर्थातच क्योतोच्या मासानाओचे भाव काढून ठेवले होते.

पण बेडूक छान होता हो. उजव्या मांडीवरचे मस्से जवळजवळ सपाट झालेले आणि डाव्या बाजूचे अजून टोकदार, म्हणजे कोणीतरी वर्षानुवर्षं एकाच बाजूने कमरेला लावून फिरलेलं. वहाणेच्या गवताची वीण खाली सुद्धा पूर्ण केलेली, जिथे कोणी बघणार नाही. मोठ्या भोकाची कड बोटाला लागतसुद्धा नाही इतकी गुळगुळीत. टेबलावर ठेवला तर डुगडुगत नाही. एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध धरला तर फार चूक होणार नाही असं माझं मत झालं.

आणि पाचवा. हा कापसातून निघाला तेव्हा मी भिंग खाली ठेवलं. साडेआठ सेंटिमीटर उंच, हस्तिदंत, डच माणूस. डोक्यावर काठाची टोपी, लांब कोट, कोटाला बटणं, गुडघ्यापर्यंत पँट आणि काखेत कोंबडा. १६४१ पासून डच व्यापाऱ्यांना नागासाकीच्या देजिमा नावाच्या छोट्या कृत्रिम बेटावर कोंडून ठेवलेलं, तिथून ते शोगुनला, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्याला, मुजरा करायला एदोला, म्हणजे आताच्या तोक्योला, यायचे तेव्हा रस्त्यात लोक बघायला गर्दी करायचे. बहुतेक कारागिरांनी डच माणूस प्रत्यक्ष कमीच बघितलेला, चित्रात जास्त, त्यामुळे नाक फार मोठं, डोळे जपानी, आणि बटणं नको तिथेही. हस्तिदंत जपानात पिकत नाही, तो डच आणि चिनी जहाजांतूनच नागासाकीला यायचा. म्हणजे या माणसाने आणलेल्या मालातच हा माणूस कोरलाय.

याचा आडवा छेद त्रिकोणी होता. हे बघून मला जास्त खात्री वाटली, कारण शामिसेन हे तंतुवाद्य वाजवायच्या मोठ्या नखीसाठी, बाची म्हणतात, हस्तिदंत कापला की कडेचे त्रिकोणी तुकडे उरायचे आणि नेत्सुकेवाले ते घ्यायचे. अठराव्या शतकातल्या कितीतरी उभ्या आकृत्या अशा पाठीकडे निमुळत्या असतात. समोरून मधासारखा पिवळा, पाठीकडून जवळजवळ पांढरा आणि घासलेला, कोटाच्या घड्या तिथे फक्त अंदाजाने कळतात. भोकं पाठीवर, वरचं मोठं, खालचं लहान, आणि दोन्हीच्या मध्ये दोरीने केलेली उथळ चर. ती चर खोटी करता येते, पण मग ती सरळ येते. ही एका बाजूला सरकलेली होती, लटकवलेल्या वजनाने दोरी जिकडे ओढली गेली तिकडे. सही नाही, या प्रकारात बहुतेकांवर नसतेच. वहीत नोंद नाही. आजी म्हणाली हा आमच्या सासऱ्यांचा.

डच माणूस हा बाजारात फार नकली निघणारा विषय आहे हे खरं, तरी हा मला खरा वाटला, १७८० च्या आसपासचा किंवा त्याआधीचा. आणि एकट्याची किंमत आजीच्या तीन लाखांच्या पुढे, बरीच पुढे.

इथे खरी केस सुरू झाली, कारण मित्राचं तोंड बघण्यासारखं झालं. "दादा मग घेऊनच टाकू ना सगळा डबा, बाबांना डच माणूस देतो, बाकीचे इथेच कोणाला तरी विकतो, पैसे वसूल."

जपानात त्याने तो विकत घेणं बेकायदा नव्हतं. जपानने हस्तिदंताचा देशातला बाजार अजून बंद केलेला नाही, अख्ख्या दाताला नोंदणी लागते, धंदा करणाऱ्याला २०१८ पासून रीतसर नोंदणी लागते, पण घरातली कोरीव वस्तू एका माणसाने दुसऱ्याला देणं चालतं. मेर्कारी, राकुतेन या ऑनलाइन बाजारांनी २०१७ मध्ये आणि याहू जपानने २०१९ मध्ये स्वतःहून हस्तिदंत विकणं बंद केलं तो वेगळा भाग. प्रश्न सीमेवर सुरू होतो. साइट्स म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार, आशियाई हत्ती त्याच्या पहिल्या परिशिष्टात सुरुवातीपासून, बहुतेक आफ्रिकन १९९० पासून, त्यामुळे जपानमधून बाहेर न्यायला परवानगीचा कागद लागतो आणि तो मिळवायला वस्तू करारापूर्वीची आहे याचा पुरावा. सासऱ्यांची आहे हे आजीचं तोंडी सांगणं, बस.

आणि समजा तो कागद मिळालाच, तर पुढे आपला देश. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, १९८६ ला भारतीय हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली, १९९१ ला बाहेरून आणलेला आफ्रिकनही त्यात आला. शंभर वर्षं जुनं आहे, कलाकुसर आहे, देवाची मूर्ती आहे, यातलं काहीही चालत नाही. ज्यांच्या घरात आधीपासून आहे त्यांना वनखात्याचं मालकी प्रमाणपत्र लागतं आणि तरी विकता येत नाही, मग नवीन आणायची गोष्टच सोडा. लंडनला असता तरी सुटला नसता, तिकडचा हस्तिदंत कायदा जून २०२२ पासून लागू आहे, विकायचं तर १९१८ पूर्वीची आणि असाधारण दर्जाची वस्तू म्हणून प्रमाणपत्र काढा, आणि हस्तिदंत दहा टक्क्यांहून कमी असलेल्या वस्तूंना जी सवलत आहे, ती अख्खा हस्तिदंताचा नग असल्यामुळे अशा नेत्सुकेला मिळतच नाही.

मित्राने मध्ये एक आयडिया आणली, ओएदो अँटिक मार्केटमधल्या कोणीतरी त्याला सांगितलेली, की मॅमथचा आहे म्हणून लिहायचं, मॅमथ साइट्समध्ये नाही. एक तर श्रेगर रेषांचा कोन सांगतो, बाहेरच्या कडेकडचा कोन ११५ अंशांच्या वर असेल तर हत्ती, ९० च्या खाली असेल तर मॅमथ, आणि आपल्या डच माणसाच्या टाचेखाली सरळ दिसत होतं की कोन चांगला पसरट आहे. दुसरं म्हणजे आपल्या सुप्रीम कोर्टाने २००३ मध्ये बलराम कुमावत प्रकरणात मॅमथचा दातही बंदीत धरला. त्यामुळे ते खोटं बोलूनही भारतात काहीच उपयोग नाही, खोटं बोलल्याचं वर आणि.

शिंगाच्या मांजूवरही मी नकोच म्हटलं. जपानी सिका हरणाचं शिंग आहे, हत्तीइतकं ते गंभीर नाही हे मान्य. पण आपल्याकडे चितळ-सांबराच्या शिंगावर बंदी, आणि मुंबईला रात्री दोन वाजता कस्टमवाल्यासमोर उभं राहून हे सिका आहे चितळ नाही असं समजावणार कोण? कोरून जाळी केलेल्या शिंगावर जात लिहिलेली नसते. काकांच्या पंचाहत्तरीला पोरगा चौकशीत अडकला ही भेट काही चांगली नाही.

म्हणजे पाचातून बैल गेला, डच गेला, मांजू गेला, दाइकोकु न्यायला कायदेशीर हरकत काही नाही पण नेऊन काय करणार. उरला बेडूक. आणि आजीची अट डबा फोडायचा नाही.

आता यातला नाजूक भाग. मित्र म्हणाला ठीक आहे, सगळा डबा तीन लाखाला घेतो, बेडूक ठेवतो, डच माणूस इथेच नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला देतो, बेडूक फुकट पडेल आणि वर उरतील. हिशेब बरोबर होता. संग्रह करणाऱ्यांत याला कोणी नावंही ठेवणार नाही, बाजारात स्टॉलवरच्या माणसाला कळलं नाही आणि तुम्हाला कळलं तर ते तुमच्या अभ्यासाचं बक्षीस असं सगळे मानतात, मीही मानतो, कारण तो माणूस धंदा करायला बसलाय. आजी धंदा करायला बसली नव्हती. तिने याला घरातलं म्हणून आधी विचारलं होतं, गणपतीत याच्याकडे येऊन मोदक खाऊन गेलेली बाई. मी म्हटलं तू सांग नाहीतर मी सांगतो, आणि मी सांगितलं तर तुला जास्त अवघड जाईल. तो थोडा फुगला. "मग तुला बोलवलं कशाला" असंही म्हणून झालं. बायकोने त्याला झापलं असावं बहुतेक, कारण दुसऱ्या दिवशी तोच गेला आणि सगळं सांगून आला.

आजीला डच माणूस महाग आहे याचं फारसं काही वाटलं नाही, तिला बैलाचं वाईट वाटलं. इतकी वर्षं तो घरातला खजिना होता. त्यावर मित्राने तिला वहीतली १९७८ ची नोंद दाखवली, ती तिने कधी वाचली नव्हती, आणि ती हसायला लागली की यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मी पाहुण्यांना मोठ्या तोऱ्यात दाखवत बसायचे.

डबा का फोडायचा नव्हता तेही तेव्हा कळलं. तिला भीती होती की चांगलं तेवढं कोणीतरी उचलेल आणि उरलेलं मुलगा कचऱ्यात टाकेल. किमतीशी त्याचा संबंध नव्हताच. मग मार्ग निघाला. क्योबाशीकडे जुन्या वस्तूंच्या दुकानांची गल्ली आहे, तिथला हस्तिदंताची नोंदणी असलेला एक व्यापारी घरी येऊन बघून गेला, मी मुद्दाम हजर राहिलो. डच माणसाबद्दल त्याचं आणि माझं पटलं, त्याने काळही जवळपास तोच सांगितला. मांजूबद्दल अजिबात पटलं नाही, त्याच्या मते तो मेइजीचा उत्तरार्ध, परदेशी गिऱ्हाइकासाठी केलेला, आणि मधल्या भोकाची झीज नंतरच्या कोणीतरी वापरून केलेली. मला अजूनही ते मान्य नाही, मी त्याला ढगांकडे बोट दाखवत राहिलो आणि तो भोकाकडे. त्याने दाइकोकु आणि बेडूक सोडून तिघांना, डच, मांजू आणि बैल, आजीने पाचांचे मागितलेल्या रकमेच्या दुपटीहून जास्त भाव सांगितला. आजीने मांजू आणि बैल दिले, डच माणूस दिला नाही. लहान घरात तेवढी जागा आहे म्हणाली. मुलालाही व्यापाऱ्यासमोर फोन लावून सांगितलं की कपाटात हे आहे आणि ते टाकायचं नाही.

बेडूक मित्राने ८० हजार येनला घेतला. आजी कमी सांगत होती, मी ८० म्हटलं, यामादाच्या मासानाओचा झिजलेला पण शाबूत नग, वहीतली नोंद सोबत, तेवढे योग्य होते. डबाही तिने त्यालाच दिला, आणि वहीच्या त्या पानाची झेरॉक्स. पानच फाडून देत होती, ते नको म्हटलं, वही अखंड राहिली तर उद्या डच माणसाची चौकशी झाली तेव्हा निदान घरात संग्रह होता एवढं तरी दिसेल.

पावती करून घेतली. आजीच्या हातची, तारीख, रक्कम, आणि वस्तू काय तर "लाकडी नेत्सुके, त्सुगे, बेडूक, डोळे बसवलेले", त्याखाली त्याचंच इंग्रजी. डोळ्यांचं मुद्दाम लिहायला लावलं, कारण बसवलेले डोळे कशाचे हा प्रश्न कोणीही विचारू शकतं. काही नगांत ते शिंगाचे असतात. याचे भिंगाखाली आणि यूव्हीखाली बघून काचेसारखे वाटले, तरी पावतीवर मी काच लिहू दिलं नाही, नुसतं काळे डोळे. जे नक्की माहीत नाही ते कागदावर घालू नये. चेक-इन बॅगेत टाकायचा नाही, हातातल्या बॅगेत, पावतीसकट, आणि कस्टमला स्वतःहून दाखवायचा, लपवलेल्या वस्तूला जास्त प्रश्न विचारतात.

काकांना पाठवलेल्या सूचना इथेही टाकतो, कारण बॉक्सवुडचं नेत्सुके पुण्यात ठेवायचं म्हणजे एप्रिल-मे चा कोरडेपणा आणि मग लगेच जूनची दमट हवा, लाकडाला हे अचानक बदल आवडत नाहीत. दिवे लावलेल्या काचेच्या शोकेसमध्ये अजिबात नको, आतली हवा भट्टी होते. डब्यात किंवा उघड्या कपाटात, थेट ऊन नको, डांबरगोळ्या नकोत. तेल लावायचं नाही, काही जण जपानात त्सुबाकीचं, म्हणजे कॅमेलियाच्या बियांचं, तेल लावतात पण प्रत्येकाचा हात वेगळा, एकदा खाचेत तेल साचलं की धूळ चिकटून काळा चिखल होतो. पाण्याने धुवायचं तर नाहीच नाही. रोज थोडा वेळ हातात घेऊन फिरवला तरी पुरे, हाताच्या तेलकटपणानेच ती चकाकी टिकते, आणि नेत्सुके बघायचं कमी, हाताळायचं जास्त.

काकांचा फोन आला होता. पहिलाच प्रश्न, बेडूक कोणत्या मासानाओचा. मी म्हटलं यामादाचा, पिढी सांगता येणार नाही. मग म्हणाले डाव्या बाजूचे मस्से उजव्यापेक्षा जास्त का राहिलेत, आणि त्यावर आम्ही अर्धा तास बोललो, त्यांचं म्हणणं तलवार डाव्या बाजूला असते म्हणून बटवा उजवीकडे लावला असेल, मी म्हटलं यात्रेकरू किंवा व्यापारी असेल तर मोठी तलवार कुठून आली, तेव्हा ते म्हणाले बघतो वाचून. आता ते दर रविवारी फोन करतात.